नागपूरचं विमान मुंबईत कधी टी-१ ला, कधी टी-२ ला का उतरतं?

मनीषनगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे आईबाबा, दोघंही सत्तरी ओलांडलेले, धाकट्या मुलीकडे फ्रँकफर्टला निघाले आहेत. नागपूरहून संध्याकाळचं विमान रात्री पावणेनऊला मुंबईत टी-१ ला, म्हणजे टर्मिनल एकला उतरतं. पुढचं विमान मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता टी-२ वरून आहे. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली. पंधरा दिवसांपूर्वी शेजारचे काका त्याच कंपनीच्या सकाळच्या विमानानं गेले, ते थेट टी-२ ला उतरले. ताई विचारतात, "कंपनी एकच, नागपूर-मुंबई मार्ग एकच, मग टर्मिनल वेगळं का? हे ठरवतं कोण? कंपनीला विनंती केली तर बदलून मिळेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण निघायची तारीख जवळ आली आहे. विनंती करून टर्मिनल बदलत नाही. विमान बदललं तर टर्मिनल बदलू शकतं. तिकिटात फेरफार करायला वेळ असेल तर शेवटचा भाग आधी वाचा, बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालेल.

मी २७ वर्षं विमानतळांवर काम केलं. सुरुवात सोनेगावच्या, म्हणजे आपल्या नागपूर विमानतळाच्या रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या जागेवर) झाली, शेवटची ११ वर्षं मोठ्या विमानतळावर स्लॉट (विमानाला मिळणारी ठरलेली वेळ) आणि टर्मिनल नियोजनात गेली. कोणतं विमान कुठल्या इमारतीला लागणार यावर कंपन्यांच्या माणसांशी किती तास बसलो, त्याची मोजदाद नाही. आपल्या नागपूरला एकच टर्मिनल आहे. २००८ साली सुरू झालेल्या त्या इमारतीतून मुंबई, दिल्लीची विमानंही सुटतात आणि आखातातलीही, त्यामुळे हा प्रश्न इथे उभाच राहत नाही. म्हणूनच नागपूरकर मुंबई-दिल्लीला पोचला की तो पहिल्यांदा भेटतो, आणि तोही हातात बॅगा असताना.

बहुतेकांना वाटतं की टर्मिनल विमान कंपनी निवडते. भारतात तसं नाही. इमारतींची विभागणी विमानतळ चालवणारी संस्था करते. कंपनीला एक वाटा मिळतो. त्या वाट्यात आपली कुठली विमानं बसवायची, एवढंच बहुतेक वेळा कंपनीच्या हातात राहतं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाची गोष्ट वेगळी होती. तिथे कंपन्यांनी स्वतःच्या खर्चानं आपापली टर्मिनलं बांधली. टीडब्ल्यूए कंपनीची १९६२ सालची इमारत तर इतकी देखणी की कंपनी बुडाली तरी ती टिकली, आज तिचं हॉटेल झालं आहे. घर ज्याचं त्यानं राहावं, इतका सोपा हिशेब. लंडनच्या हीथ्रोवर तिसरी पद्धत आहे. टी-५ हे २००८ पासून मुख्यतः ब्रिटिश एअरवेजचं, तर २०१४ साली उघडलेलं नवं टी-२ स्टार अलायन्स या गटातल्या कंपन्यांचं. एकमेकींचे प्रवासी पुढे नेणाऱ्या कंपन्या एका छताखाली आणल्या, तर प्रवाशाला इमारत बदलावी लागत नाही. भारतात मोठ्या विमानतळांवर जागेची ओढाताण इतकी आहे की तत्त्व कुठलंही ठरवा, शेवटी तासातासाचा हिशेबच जिंकतो.

तो हिशेब कसा चालतो ते सांगतो. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी संपतं, पुढे हिवाळी. त्याच्या कितीतरी महिने आधी विमानतळ आपली क्षमता जाहीर करतो. धावपट्टीवर तासाला किती विमानं चढउतार करू शकतील, किती विमानं उभी करायला जागा आहे आणि प्रत्येक टर्मिनल तासाला किती प्रवासी पेलेल, हे तीन आकडे. स्लॉट म्हणजे फक्त धावपट्टीवरची वेळ, असा समज आहे. खरं तर हे तिन्ही आकडे एकाच वेळी जुळले तरच स्लॉट मिळतो. धावपट्टी मोकळी आहे, विमान लावायला जागाही आहे, पण त्या तासाला टर्मिनलची सुरक्षा तपासणी भरलेली आहे, तर विमान दुसऱ्या टर्मिनलला जातं किंवा दुसऱ्या वेळेला.

उदाहरण घ्या. समजा एका टर्मिनलची सुरक्षा तपासणी तासाला १५०० प्रवासी पेलते. १८० आसनांची आठ विमानं त्या तासात सुटली, तर भरलेली आसनं झाली १४४०. नववं विमान आलं की १६२०. तेव्हा रांग दरवाज्यापर्यंत येते, पाठोपाठची सगळी विमानं दहा-दहा मिनिटांनी मागे सरकतात आणि रात्रीपर्यंत तो उशीर फेडला जात नाही. म्हणून नवव्या विमानाला दुसरी इमारत. ते नववं विमान नागपूरचं असेल तर नागपूरकराला वाटतं आपल्यावर अन्याय झाला. पण तिथे सहसा शहर कुणी पाहत नाही. तास पाहतात.

आता मुंबईकडे येऊ, कारण ताईंच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. टी-१ म्हणजे सांताक्रूझच्या बाजूचं जुनं देशांतर्गत टर्मिनल. टी-२ म्हणजे सहारच्या बाजूचं, २०१४ च्या फेब्रुवारीत उघडलेलं. टी-२ मुद्दाम एकत्रित बांधलं, म्हणजे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही प्रवासी एकाच इमारतीत. त्यामागचा विचार मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. मुंबईची आंतरराष्ट्रीय गर्दी रात्रीची. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे तिकडे सकाळी पोचतात. देशांतर्गत गर्दी पहाटे ते सकाळ आणि पुन्हा संध्याकाळी. दोघांच्या भरती-ओहोटीच्या वेळा वेगळ्या. रात्री भरलेली इमारत दिवसा अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा दिवसा तिथे देशांतर्गत विमानं लावायची.

हे शक्य व्हायला जमिनीवर एक सोय असते, प्रवाशाला ती सहसा दिसत नाही. एरोब्रिजसमोरच्या (इमारतीतून थेट विमानात नेणाऱ्या पुलासमोरच्या) काही जागा अशा आखलेल्या असतात की तिथे एक मोठं, आत चालायच्या दोन वाटा असलेलं विमान उभं राहू शकतं किंवा त्याच जागेत दोन लहान विमानं शेजारी शेजारी. खिडकीतून खाली बघितलं तर जमिनीवर तीन पिवळ्या रेघा दिसतील, मधली मोठ्या विमानासाठी, दोन बाजूच्या लहानांसाठी. सकाळी दहाला तिथे नागपूर आणि इंदूरची दोन विमानं सुखानं उभी राहतात. रात्री नऊच्या पुढे मोठी विमानं यायला लागतात आणि त्या एका मोठ्या विमानासाठी दोन्ही लहान जागा मोडाव्या लागतात.

आता काका सकाळी टी-२ ला का उतरले आणि आईबाबा रात्री टी-१ ला का, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझा अंदाज असा की सकाळी टी-२ मध्ये लहान विमानांना जागा होती. रात्री पावणेनऊला तीच जागा मोठ्या विमानांसाठी आवळायला सुरुवात होते. दुर्दैव असं की ज्यांना टी-२ ची सगळ्यात जास्त गरज, ते रात्रीच्या परदेशी विमानाचे प्रवासी, नेमके संध्याकाळच्याच विमानानं येतात.

यात दुसरं कारण मिसळलेलं असतं, आणि कंपनीच्या दृष्टीनं तेच मोठं. विमान दिवसभर फिरत असतं. पहाटे मुंबईहून निघालं, नागपूरला आलं, अर्ध्या तासात परत मुंबई, तिथून कोची, तिथून पुन्हा मुंबई, मग रात्री नागपूरलाच मुक्काम. या साखळीला आम्ही रोटेशन म्हणतो. नागपूरहून आलेलं विमान टी-१ ला लागलं तर त्याची पुढची फेरीही टी-१ वरूनच निघणार. नाहीतर रिकामं विमान ओढून किंवा चालवत पलीकडे न्यावं लागतं, त्यात इंधन आणि वेळ दोन्ही जातं. म्हणजे नागपूरच्या विमानाचं टर्मिनल पुष्कळदा नागपूरमुळे ठरतच नाही. ते विमान पुढे कुठे जाणार आहे, यावरून ठरतं. पुढची फेरी दुबईची असेल तर विमान टी-२ लाच लागलेलं बरं, कारण इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच. देशांतर्गत विमान आंतरराष्ट्रीय फेरीला लावताना कस्टम्सची नोंद बदलते, टाकीतल्या इंधनाच्या कराचा हिशेबही बदलतो. मी कामाला लागलो तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. वर्षभर मला वाटायचं, वरची माणसं नकाशावर बोट ठेवून टर्मिनलं वाटतात.

कंपनीला दोन टर्मिनलांत विभागून राहणं मुळीच आवडत नाही. काउंटरवरची माणसं दोन जागी, इंजिनिअर दोन जागी, शिड्या, ट्रॅक्टर, टो-बार, सुटे भाग सगळं दुप्पट. सगळ्यात अवघड म्हणजे एखादं विमान बिघडलं आणि बदली विमान दुसऱ्या टर्मिनलला उभं असलं, तर माणसं न्यायची का विमान आणायचं, हा निर्णय दहा मिनिटांत घ्यावा लागतो.

दिल्लीत या गोष्टीवरून प्रकरण कोर्टात गेलं होतं. २०१७ साली दिल्लीचं जुनं टी-१ त्याच्या क्षमतेच्या बाहेर भरलं होतं, त्याचं विस्तारकामही सुरू करायचं होतं. विमानतळानं तिथल्या तीन कंपन्यांना काही विमानं टी-२ ला हलवायला सांगितलं. कुठली विमानं हलवायची हे त्या वेळी त्यांनी शहरावरून ठरवलं : मुंबई, कोलकाता आणि बेंगळुरूची. गोएअरनं सगळंच बिऱ्हाड टी-२ ला नेलं. इंडिगोनं दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. आधी एका न्यायमूर्तींपुढे, मग २०१८ च्या फेब्रुवारीत खंडपीठापुढे, दोन्हीकडे निकाल विमानतळाच्या बाजूनं लागला. टर्मिनल कोण ठरवतं, या ताईंच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

गोएअरनं जे केलं ते मला त्या वेळी पटलं होतं. सगळी विमानं एका छताखाली असली की प्रवाशाला लक्षात ठेवायला सोपं आणि कंपनीलाही. इंडिगोला ते शक्य नव्हतं, तिच्या विमानांची संख्याच तेवढी मोठी. मग विभागणी झाल्यावर त्यांनी एक साधा, उपयोगी मार्ग काढला : टी-२ च्या विमानांना २००० ते २९९९ या मालिकेतले क्रमांक दिले. प्रवाशाला क्रमांकावरूनच टर्मिनल कळावं. अशा मालिका कायम राहत नाहीत, म्हणून आज त्यावर विसंबू नका. पण तिकिटावरचा क्रमांक नुसता शोभेचा नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

ठरलेली विभागणी एका रात्रीत मोडूही शकते. २८ जून २०२४ च्या पहाटे मुसळधार पावसात दिल्लीच्या टी-१ च्या दर्शनी भागाचं छत कोसळलं. त्यात एका टॅक्सीचालकाचा जीव गेला. टी-१ ची सगळी विमानं टी-२ आणि टी-३ मध्ये सामावून घ्यावी लागली. मी तेव्हा निवृत्त होतो, तरी दिवसभर फोनला चिकटून होतो. आतली माणसं काय करत असतील ते डोळ्यांसमोर दिसत होतं. कुठल्या काउंटरवर कुणाला बसवायचं, सामानाच्या पट्ट्यावर किती विमानं घालायची, आणि त्या गर्दीत टी-१ चा बोर्डिंग पास हातात धरून उभे असलेले म्हातारे लोक. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये टी-२ दुरुस्तीसाठी बंद झालं, तेव्हा पुन्हा सगळी मांडणी उलटली. म्हणून कुणी छातीठोकपणे सांगितलं की "अमुक कंपनी अमुक टर्मिनल", तर विचारा, कधीची माहिती?

एटीआर विमानांबद्दलही सांगायला हवं, कारण विदर्भातून जाणाऱ्यांना ती भेटतात. हे पंख्याचं विमान इतकं बुटकं असतं की एरोब्रिज त्याला सहसा लागत नाही. प्रवासी शेपटीकडच्या शिडीनं उतरतात. त्यामुळे ते बहुधा लांबच्या उभ्या जागेवर लागतं आणि तिथून बसनं इमारतीत आणतात. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा फरक टर्मिनलपेक्षा मोठा असू शकतो. व्हीलचेअर मागवताना शिडी चढता येते की नाही हेही सांगा, कारण तिचे प्रकार वेगवेगळे असतात आणि त्याप्रमाणे सोय करतात.

इथे थोडं विषयांतर करतो, नागपूरचा माणूस म्हणून मला राहवत नाही. हब म्हणजे चारी दिशांची विमानं एकत्र जमून प्रवासी आणि सामान अदलाबदल करतात ते ठिकाण. ते भारतात कुठे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं असेल तर आपल्या सोनेगावात. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र जमायची. टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायच्या, प्रवासी या विमानातून त्या विमानात जायचे आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. १९७३ पर्यंत हे चाललं. मी लहान असताना सोनेगावाकडून मध्यरात्री येणारा विमानांचा आवाज आजी ओळखायची, "टपाल आलं" म्हणायची. त्या हबला टर्मिनलांचा प्रश्नच नव्हता. चार विमानं एका मैदानात, थैली खांद्यावर घेऊन माणूस चालत जाऊ शकेल इतक्या अंतरावर. जोडविमान म्हणजे मुळात हेच : एक वेळ, एक जागा. जागा दोन झाल्या की मधलं अंतर कुणीतरी भरून काढावं लागतं. एक तिकीट असेल तर कंपनी भरते, दोन तिकिटं असतील तर प्रवासी.

हा फरक मी फार जवळून पाहिला आहे. वर्ध्याकडचं एक जोडपं, मुलाच्या लग्नाला परदेशी निघालेलं. संध्याकाळचं विमान ५० मिनिटं उशिरा आलं, सामान यायला आणखी अर्धा तास, मग टर्मिनल बदलायला वाहतूककोंडी. काउंटर बंद झाल्यावर पाच मिनिटांनी पोचले. दोन तिकिटं वेगळी होती, त्यामुळे पुढच्या कंपनीच्या नोंदीनुसार ते फक्त "आले नाहीत". त्या बाईंनी अहेराच्या साड्यांची पिशवी छातीशी धरली होती. मला त्यांच्यासाठी काहीही करता आलं नाही. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला मी तिकिटाबद्दल आधी विचारतो, भाड्याबद्दल नंतर.

आता ताई, तुमच्या आईबाबांबद्दल.

जमत असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटात, एकाच पीएनआरमध्ये घ्या. तेव्हा दोन विमानांमधला ठरलेला किमान जोडवेळ पाळूनच तिकीट बनतं, साधारणपणे सामान नागपूरलाच फ्रँकफर्टपर्यंत लागतं आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. थोडे पैसे जास्त गेले तरी या वयात ते द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

तिकिटं बदलणं शक्य नसेल तर संध्याकाळचं सोडा आणि सकाळचं किंवा दुपारचं विमान घ्या, टर्मिनल कुठलंही असो. पावणेनऊ ते सव्वा म्हणजे साडेचार तास, ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आंतरराष्ट्रीय काउंटर साधारणपणे विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो. म्हणजे सव्वाबाराच्या आत सामान काउंटरवर द्यायला हवं. त्यातून टी-१ चं सामान यायला लागणारा वेळ, टी-२ ला जाणं आणि प्रवेशाची रांग वजा करा. नागपूरचं विमान तासभर लेट झालं तर हातात फार काही उरत नाही.

टी-१ ते टी-२ चालत जाण्यासारखं नाही. मेट्रोच्या अॅक्वा मार्गिकेवर २०२४ पासून दोन्ही टर्मिनलांची स्वतंत्र स्थानकं आहेत, पण मोठ्या बॅगा आणि दोन वयस्क माणसं असताना मी टॅक्सीच घेईन.

तिकिटावर दोन कंपन्यांची नावं असतील तर "ऑपरेटेड बाय" पुढे जिचं नाव आहे, म्हणजे जी प्रत्यक्ष विमान चालवते, त्या कंपनीचं टर्मिनल खरं. तिकीट विकणारी कंपनी कुठे उतरते याला तिथे अर्थ नाही. निघायच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा त्याच दिवशी सकाळी टर्मिनल पडताळून घ्या, कारण जुन्या ई-तिकिटाच्या छापील प्रतीवर जुनंच टर्मिनल राहतं.

आणि आता एक नवी गोष्ट. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर जुनी मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. शोधताना दोन्ही "मुंबई" म्हणूनच पुढे येतात आणि नवी मुंबईचं तिकीट कधी स्वस्तही दिसेल. आईबाबांचं पुढचं विमान सहारच्या टी-२ वरून आहे, म्हणून ही तीन अक्षरं नीट बघूनच पैसे भरा.

परतीच्या वेळी गणित उलटं असतं. परदेशातून आल्यावर सामान साधारणपणे मुंबईतच ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावं लागतं आणि मग नागपूरसाठी पुन्हा द्यावं लागतं. तेव्हा नागपूरचं विमान टी-२ वरूनच सुटणारं निवडा आणि मध्ये किमान चार तास ठेवा. परतीच्या तिकिटाची तारीख कळवलीत तर त्या दिवशीची कुठली विमानं टी-२ ची आहेत ते मी बघून सांगतो.